चंद्रोदयाची चिठ्ठी

गुरुजी,

आजकालच्या लग्नपत्रिकांची मागची बाजू कोरी नसते. ही तक्रार मी पूर्ण विचारांती आणि जड अंतःकरणाने तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण हयात माणसांपैकी कोणी ती मनावर घ्यायला तयार नाही. परवाच शेजारच्या गुजराती कुटुंबाकडून मुलीच्या लग्नाची कंकोत्री आली. केवढी ती! वर मखमल, आत चार पानं, आणि गणपती इतका उठावाचा की हात लावला तर बोटाला सोंड लागते. मी मोठ्या आशेनं उलटून पाहिली, तर मागे वधूवरांचा फोटो, समुद्रकिनाऱ्यावर पळतानाचा. एक पान रिकामं होतं, पण त्याला असा काही तुकतुकीतपणा की पेन्सिल टेकते आणि उमटत नाही. पद्मपत्रावरचं पाणी म्हणतात ते हेच. कलियुगाची लक्षणं सांगताना पुराणकारांनी गाई आटतील, पाऊस रोडावेल, शिष्य उलटून बोलतील असं बरंच लिहून ठेवलंय. पत्रिकेची पाठ भरून जाईल हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मला पत्रिका टाकवत नाही, हे सगळं तुमच्यामुळे. तीन बिस्किटांचे डबे भरलेत. बायको म्हणते, "त्यातल्या काहींचे घटस्फोटसुद्धा होऊन गेले, पण पत्रिका आहेतच." मी तिला समजावतो की आपल्याला मजकुराशी कर्तव्य नाही, पाठीशी आहे. ती म्हणते, "तुमच्या गुरुजींनी तुम्हाला संस्कृत शिकवलं की रद्दी गोळा करायला?" दोन्ही, गुरुजी. आणि खरं सांगायचं तर जन्माला दुसरंच जास्त उपयोगी पडलं.

कसं ते सांगतो. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या शेवटच्या वर्षांत मी घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि पंचांगाचं गणित त्यात घालत होतो. तुम्ही एकदा बघायला आलात, खुर्चीवर बसलात, काचेवर तिथी उमटलेली पाहिलीत आणि विचारलंत, "याला विटाळ होतो का रे?" मी म्हटलं, "नाही, पण वीज गेली की स्मृतिभ्रंश होतो." तुम्ही म्हणालात, "मग आपल्यातलाच आहे." ते गणित पुढे वाढत गेलं. मी नोकरीला बडोद्याबाहेर नंदेसरीला, रसायनांच्या एका कारखान्यात, तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल करायला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी अंगाला आम्लाचा वास घेऊन यायचं, आणि रविवारी सकाळी पूजा आटोपली की पंचांग. पंधराएक वर्षांपूर्वी मी ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. म्हणजे कसं, तर आपल्या ग्रंथांसारखं. मूळ प्रत माझ्याकडे, पण जगातल्या कोणीही ती वाचावी, उतरवून घ्यावी, स्वतःच्या प्रतीत हवं ते करावं. कोणाला चूक दिसली तर त्यानं माझी प्रत खरवडायची नाही. काय बदलावं, कुठे आणि का, एवढंच लिहून पाठवायचं. त्याला पॅच म्हणतात. मी वाचतो, पटलं तर मूळ प्रतीत घेतो आणि पाठवणाऱ्याचं नाव त्या ओळीला कायमचं चिकटतं. पैसा कोणी घेत नाही, कोणी देत नाही. फोनवरच्या दोन-तीन पंचांगांच्या पोटात आज आपलं गणित आहे, आणि ती पाहणाऱ्या लोकांना तुमचं नाव माहीत नाही, माझंही नाही. तुम्हाला हे आवडलं असतं.

लोकांना ही पद्धत फार आधुनिक वाटते. कारखान्यातल्या नव्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती म्हणतात, "सर, आ तो अमेरिकाथी आव्युं." हे म्हणे अमेरिकेहून आलं! मला मांडवीजवळची तुमची माडी दिसते. शनिवारची दुपार आहे, आम्ही सात-आठ जण चटईवर बसलोय, आणि तुम्ही कात्रीनं लग्नपत्रिकांचे चार-चार तुकडे करताय. कोऱ्या बाजूवर वर पान आणि ओळ, खाली छापलंय काय, त्याखाली हवं काय, आणि सर्वांत खाली 'प्रमाण': तुला कशावरून कळलं. एका चिठ्ठीवर एकच चूक. प्रमाणाची जागा कोरी असेल तर चिठ्ठी वाचायचीसुद्धा नाही. मग तुम्ही एकेक चिठ्ठी उचलता, चष्मा कपाळावर सरकवता आणि तीनपैकी एक शब्द लिहिता. ग्राह्य म्हणजे घेतली. विचार्य म्हणजे अजून बघू. त्याज्य म्हणजे सोड. ग्राह्य चिठ्ठी त्या पानात राहायची आणि पोथीच्या समासात पेन्सिलीनं तिच्या मालकाची आद्याक्षरं यायची. ती आद्याक्षरं मिळवण्यासाठी आम्ही चुका हुंगत फिरायचो. एकदा तर मी पानभर चुका सापडल्याचं स्वप्न पाहून आनंदानं जागा झालो होतो.

आणि तो दिवस. मी चौदा वर्षांचा. तुमच्या ज्योतिषाच्या पोथीत कोष्टकातला एक आकडा उलटा छापला गेलाय हे मला दिसलं, चिठ्ठी लिहायचा धीर निघाला नाही, आणि मुंजीत मिळालेल्या पेनानं, निळ्या शाईनं, मी सरळ तो आकडा गिरवून बरोबर केला. तुम्ही पान उलटलंत आणि थांबलात. कोणी केलं हे विचारावं लागलं नाही, माझं बोट निळं होतं. तुम्ही गणित करून पाहिलंत. "तुझा आकडा बरोबर आहे," म्हणालात. मी फुगायला सुरुवात केली होती. "म्हणून जास्त राग आलाय. चुकीचा असता तर खोडून टाकला असता. आता मूळ काय होतं ते कोणाला कळणार नाही, आणि तुला हे बरोबर का वाटलं तेही नाही. तू चूक दुरुस्त नाही केलीस, गाडलीस." मग म्हणालात, "ऊठ. घरी जा."

मी गेलो आणि चार दिवस आलोच नाही. आईला पोट दुखतंय सांगितलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी घडियाळी पोळाच्या गल्लीतल्या आमच्या घराच्या जिन्यात खोकल्याचा आवाज आला. तो जिना तुम्हाला आठवत असेल. उभा, अंधारा, वरून दोर सोडलेला. तो दोर धरून तुम्ही, धाप लागलेले, वर आलात. आई म्हणाली, "अगंबाई, गुरुजी! बसा ना. चहा टाकते." तुम्ही म्हणालात, "चहा मग. आधी तुमच्या चिरंजीवांकडे काम आहे." आणि उपरण्याच्या टोकाची गाठ सोडून एक चिठ्ठी काढलीत. तुमच्या अक्षरात, पण माझ्या नावानं. पान, ओळ, छापलंय काय, हवं काय, सगळं तुम्ही लिहून आणलं होतं. प्रमाणाची जागा तेवढी कोरी. "हे तेवढं भर," म्हणालात. मी रडत रडत गणित मांडलं. तुम्ही तिथेच, आमच्या पाटावर बसून, 'ग्राह्य' लिहिलंत आणि मग साखर जास्त घातलेला चहा प्यालात. पुढे एका मोठ्या विद्यार्थ्यानं मला सांगितलं की नव्या माणसाच्या पहिल्या चिठ्ठीवर तुम्ही कधीच त्याज्य लिहीत नाही, कितीही गाढवपणा असो. मी तुम्हाला कारण विचारलं नाही. मला वाटलं, कळलंय.

कळलं नव्हतं, हे आता सांगतो.

मागच्या पावसाळ्यानंतर एका बाईंचा पॅच आला. पहिलाच. पॅच कसला, गाठोडं होतं. चंद्रोदयाचं गणित बदललेलं. समास सगळे नव्यानं आखलेले. मी बटणांना दिलेला केशरी रंग जाऊन तिथे हिरवा आलेला. 'चंद्रोदय' या शब्दाच्या जागी 'चंद्र येण्याची वेळ'. वर दोन ओळींची चिठ्ठी: "नमस्कार सर, मी नवीन आहे. चुकलं असेल तर सांगा." गुरुजी, त्यातलं रंगाचं आणि समासांचं मी एक वेळ हसून सोडलं असतं. पण चंद्रोदयाच्या ओळींवर मी पंधरा वर्षांपूर्वी एक टीप लिहून ठेवली आहे: 'गुरुवचन. हात लावू नये.' कारण तो नियम तुमचा. पौर्णिमेला सूर्यास्ताबरोबर चंद्र उगवतो, पुढे दर तिथीला दोन घटका उशिरा. तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलेला, मी यंत्रात घातलेला. त्या बाईंनी ती टीपसुद्धा पुसली होती. मी उत्तर लिहिलं: "एका वेळी एकच दुरुस्ती. नियम वाचावेत. चंद्रोदयाच्या ओळी बदलता येणार नाहीत." आणि ते प्रकरण बंद केलं. रविवार होता, श्रीखंड होतं, मी समाधानानं झोपलो. त्यानंतर त्या बाई पाच महिने काही बोलल्या नाहीत आणि मलाही त्यांची आठवण झाली नाही.

मग फाल्गुनातली संकष्टी. जेवायच्या सुमारास त्यांचा संदेश आला. पॅच नाही, नुसती तीन वाक्यं. "सर, आज तुमचा चंद्र नऊ एकवीसला उगवला. बडोद्यात आमच्या अगाशीवरून तो अजून दिसत नाही. सासूबाई उपाशी आहेत आणि तुमची चौकशी करत आहेत."

बडोद्यात! माझ्याच गावात! मी समजत होतो की असले लोक पुण्याला, बंगलोरला, परदेशात असतात. मी पायजम्यावर अगाशीत गेलो. आकाश स्वच्छ, पूर्वेला काही नाही. बायको मागून आली. तिचीही संकष्टी असते, पण तिनं खाली मोदकाचं पातेलं अजून उघडलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "तू का नाही आलीस चंद्र बघायला?" ती म्हणाली, "अजून वेळ आहे. वाण्याच्या कॅलेंडरात नऊ पन्नासच्या आसपास दिलाय." "आणि माझ्या पंचांगात?" "तुमच्या पंचांगावर मी उपास सोडत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षीच सोडून दिलं ते." पंचवीस वर्षं, गुरुजी! माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर, एक चूक रोज बसून जेवत होती आणि मला कोणी चिठ्ठी लिहिली नव्हती. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, गुरुजींचा नियम आहे." चंद्र नऊ एकोणपन्नासला आला. लालसर, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागून, कोणाची काही भीड न बाळगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे काढले. कबूल करतो, शोधत होतो ते बचावासाठी. तुमच्या हातची चिठ्ठी सापडली की तिचा फोटो काढून त्या बाईंना पाठवायचा आणि म्हणायचं, बाई, हे शास्त्र आहे, तुमच्या अगाशीची उंची तपासा. दुसऱ्या डब्यात सापडली. कोणाच्या तरी पत्रिकेची पाठ, पिवळी पडलेली. तुमचं बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर. नियम अगदी मी यंत्रात घातला तसाच. पण खाली उजव्या कोपऱ्यात, इतक्या फिकट पेन्सिलीत की मी चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली तेव्हा दिसलं: 'विचार्य.' आणि त्याच्यावर 'प्रमाण' लिहून पुढे जागा कोरी.

मी जमिनीवर बसलो, भोवती चाळीस लग्नं पसरून. बायकोनं दारातून पाहिलं आणि चहा आणून ठेवला.

तुम्ही स्वतःच्या नियमावर विचार्य लिहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं की तो ठोकळ आहे. प्रमाणाची जागा तुम्ही माझ्यासाठी सोडली होती, चाळीस वर्षांपूर्वी आमच्या पाटावर बसून सोडली होती तशीच. हे तेवढं भर. आणि मी काय केलं, तर भरायच्या जागेला गंध लावलं. वर पाटी टांगली, हात लावू नये. मला हसू आलं ते आधी, वाईट नंतर वाटलं. तुम्ही मला म्हणाला होतात तू चूक गाडलीस. या वेळी मी तिच्यावर समाधी बांधली, आणि तीही तुमच्या नावाची.

मग मी त्या बाईंना पत्ता विचारला. त्यांनी संशयानं विचारलं, "कशाला सर?" मी लिहिलं, "तुमची वही बघायची आहे," कारण त्यांनी कशावरून तरी गणित बदललं असणार. पुढच्या रविवारी खंडेराव मार्केटमधून डझनभर चिकू घेतले आणि प्रतापनगरच्या बाजूला त्यांच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो. तिसरा मजला. जिन्याला दोर नाही, पण धाप लागायची ती लागलीच. दार ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक दिली, "अगं, ते चंद्रवाले आले!" मग मला म्हणाल्या, "भाऊ, बसा. देवाला अर्ध्या तासानं काही फरक पडत नाही, मला पडतो. शुगर आहे मला."

बाई पंचेचाळिशीच्या. माहेर भुसावळचं, नवरा रेल्वेत, त्या स्वतःही रेल्वेत, कामाला गाड्यांच्या वेळा नोंदवायला. मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांवरून प्रोग्रॅम लिहायला शिकलेल्या. मुलगी कंटाळली, या नाही कंटाळल्या. त्यांनी वही आणून दिली. गुरुजी, तुम्ही ती वही पाहायला हवी होती. रेल्वेची जुनी नोंदवही, आणि तिच्यात वर्षभराच्या संकष्ट्या. रकाने तेच, गाड्यांचे: निर्धारित वेळ, प्रत्यक्ष वेळ, विलंब, शेरा. 'निर्धारित' म्हणजे माझं यंत्र. 'प्रत्यक्ष' म्हणजे अगाशी. शेऱ्यात 'ढग', 'ढग', 'समोरच्या इमारतीमुळे दोन मिनिटं वजा', आणि एका ठिकाणी 'सासूबाई रागावल्या'. भाद्रपद-आश्विनात चंद्र तुमच्या नियमाच्या आधी येतो, फाल्गुन-चैत्रात मागे राहतो, हे त्यांनी कोणतंही शास्त्र न शिकता, नुसतं उभं राहून शोधलं होतं. खरं गणित नंतर पुस्तकातून काढून त्यावर बसवलं. याहून मोठं प्रमाण मी कुठल्या पोथीत पाहिलेलं नाही.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो आणि त्यांच्या गाठोड्याच्या पाच चिठ्ठ्या केल्या. चंद्रोदय वेगळा. समास वेगळे. रंग वेगळा. शब्द वेगळा. महिन्यांच्या यादीत त्यांनी एक खरीच चूक पकडली होती, ती वेगळी. मी त्यांना म्हटलं, "एकात एकच. म्हणजे मला चंद्र पटला आणि हिरवा रंग नाही पटला, तर हिरव्यासाठी चंद्र अडायला नको." त्यांना ते लगेच कळलं. "म्हणजे एक डबा खराब म्हणून अख्खी गाडी यार्डात टाकायची नाही." "बरोबर." त्यांनी थोडा वेळ चिकूची साल काढली आणि मग शांतपणे विचारलं, "सर, एवढंच होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी नियमांच्या पानाचा उल्लेख केला. त्या म्हणाल्या, "ते वाचलं होतं हो. तीन वेळा वाचलं. त्यात लिहिलंय की नियम पाळा. कसे पाळायचे ते नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला आमच्यासारख्यांचं काही नको असेल. मी सोडूनच दिलं होतं. त्या दिवशी यांनी," त्यांनी सासूबाईंकडे हात केला, "यांनी लिहायला लावलं." आजी सोफ्यावरून म्हणाल्या, "मग? भुकेल्या माणसानं तक्रारसुद्धा करायची नाही का?"

त्या संध्याकाळी बाईंनी चंद्रोदयाची चिठ्ठी एकटी पाठवली. काय होतं, काय हवं, आणि प्रमाण म्हणून वहीची बारा पानं. मी वाचली. तुमची टीप काढली. म्हणजे माझी, तुमच्या नावावर खपवलेली. तिच्या जागी लिहिलं की जुना नियम ठोकळ होता, देणाऱ्यानं तसं स्वतः म्हणून ठेवलं होतं, आणि नवा कोणी आणला. मूळ नियम पुसला गेला नाही, गुरुजी. या पद्धतीत मागची प्रत कायम राहते, कोणी कधी काय बदललं आणि का ते सगळं राहतं; शाईनं गिरवायची सोयच नाही. मग 'ग्राह्य' म्हणजे जे बटण असतं ते दाबलं. तुमच्या पिवळ्या चिठ्ठीवर, प्रमाणाच्या कोऱ्या जागेत, त्या बाईंची आद्याक्षरं पेन्सिलीनं लिहिली. जुन्या पत्रिकेचा कागद, छान उमटली.

हिरव्या रंगावर मी विचार्य लिहिलंय. सगळंच ऐकायचं म्हटलं तर माझा काही मान राहणार नाही.

पुढच्या संकष्टीला फोन आला, बाईंचा नाही, आजींचा. "भाऊ, आला हो तुमचा चंद्र. वेळेवर." मागून कोणीतरी म्हणालं, "एक मिनिट आधी," आणि आजी म्हणाल्या, "गप गं, एवढं चालतं." आमच्या घरी बायकोनं त्या दिवशी वाण्याचं कॅलेंडर आणि माझं यंत्र दोन्ही पाहिली, मोदकाचं पातेलं उघडलं आणि मला दोन वाढले. पंचवीस वर्षांनी मिळालेलं प्रशस्तिपत्र आहे हे. मी चवीनं खाल्लं. आता नव्यांच्या चिठ्ठ्या माझ्याबरोबर त्या बाईही वाचतात. त्यांचा शिरस्ता असा की पहिली चिठ्ठी असेल तर आधी दोन ओळी आभाराच्या, मग चूक, मग ती कशी सोडवायची ते. मी मधूनमधून कठोर व्हायचा प्रयत्न करतो, तर लिहितात, "सर, गाडी अडवा, पण सिग्नल का लाल आहे ते तरी सांगा." एकूण बरं चाललंय. कारखाना, बस, रविवार, पंचांग. आम्लाचा वास आता मला येत नाही, बायकोला येतो.

हे पत्र तुमच्याच डब्यात ठेवीन, पिवळ्या चिठ्ठीखाली. टपालाची काही सोय नाही, आणि असती तरी तुम्ही आधी विचारलं असतं, प्रमाण कुठाय. तर पहिल्या चिठ्ठीवर त्याज्य का लिहायचं नाही, त्याचं प्रमाण देतो.

बाईंच्या घरून आलो त्या आठवड्यात मी पंधरा वर्षांतल्या बंद केलेल्या चिठ्ठ्या उघडून बसलो. चंद्रोदयाबद्दल त्यांच्या आधी तिघांनी लिहिलं होतं. तिघांचीही ती पहिलीच चिठ्ठी होती, आणि तिघांनाही मी तेच उत्तर दिलं होतं, नियम वाचावेत. तिघांचीही दुसरी चिठ्ठी कधी आली नाही. मी त्यांना पत्रं लिहिली. एकाचा पत्ता बंद पडलाय. एकानं लिहिलं, आठवत नाही, पण धन्यवाद. तिसऱ्याचं उत्तर नाही. हे तिघं निदान लिहून गेले. ज्यांनी माझी उत्तरं नुसती वाचली आणि काही न लिहिता परत फिरले, त्यांची कुठे नोंदच नाही.

चंद्राची आता मला काळजी नाही, तो येतो. मला या लोकांची काळजी वाटते. ते किती होते मला माहीत नाही, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही घरचा जिना मला ठाऊक नाही.